टिकलीखालचा दिवा

गाडीच्या डॅशबोर्डवर एबीएसचा, ब्रेक दाबताना चाकं घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा दोन महिने डोळ्यांसमोर जळत होता. बाबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचं, मधल्या वेळात ऑफिस उरकायचं, त्यात गॅरेजला कधी जाणार? ब्रेक तर लागत होते. एकदा सिग्नलला उभी असताना मी कपाळावरची टिकली काढली आणि त्या दिव्यावर चिकटवून टाकली. बरं वाटलं.

आज बाबांना मशीनवर सोडून शेवटी गाडी दाखवायला नेली. मेकॅनिकने नखाने टिकली काढली. हसला नाही, रागावलाही नाही.

"ब्रेक लागतील हो ताई. पण जोरात दाबलात आणि चाकं घसरली, तर सावरणारं कोणी नाही. लाल दिव्याला सगळे घाबरतात. पिवळ्यावर लोक वर्षं काढतात."

चाकाजवळचा सेन्सर चिखलाने बरबटला होता, एवढंच. पुसल्यावर दिवा विझला. एवढ्यासाठी मी दोन महिने घालवले होते. त्याने बोटाच्या टोकावरची टिकली माझ्यापुढे धरली. तिचा गोंद गेला होता, तरी मी ती घेतली.

परतताना बाबा सीटला डोकं टेकून बसले होते. डोळे मिटलेलेच. मला वाटलं, झोपले.

"दमलीस का गं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "छे, कुठे!"

दिव्यावर टिकली लावली होती, तितक्याच सहज.