डोळ्यातली हळद

आधी आली ती शेजारची गंगू. दारातूनच ओरडली, "मावशे, तुझा डाक्टर आला! संगं एक मुसलमानाचं पोरगं बी हाय, लई गोरं!" गंगूला आधी रंग दिसतो... लग्नाच्या पोरी आहेत ना घरात.

मागून वामन आला, माझा नातू. हैद्राबादेत डॉक्टरी शिकतो, तिसरं वर्ष. मला काय करू न काय नको झालं... जगाची मोठी लढाई संपली तरी रॉकेल मिळेना, पण साखर मी लपवून ठेवली होती, शिरा केला. सोबतचा युसूफ त्याच्याच वर्गातला, नांदेडचा. मागून मागून खाल्ला पोरानं.

कुरुंद्यात सध्या हळदीचे दिवस. शिजवायची, वाळवायची, गोणपाटावर घासायची... सारं गाव पिवळं. मला अंगभर खाज, चोळीही ढिली झालेली, ते वामनला सांगितलं. माझे हात हातात घेऊन हसला, "आजी, हळदीची धूळ हाय ती. आंघोळ करत जा!" बरं वाटलं मला.

गंगूचं नुसतं डोकं दुखत होतं. तिला मात्र वामननं उजेडात बसवून, पापणी ओढून डोळे बघितले, जीभ बघितली...

युसूफ हे सगळं बघून राहिला होता. "दादी, जरा उन्हात या," म्हणाला. माझी पापणी ओढून डोळे बघितले आणि वामनकडे वळला.

"वामन, हळद डोळ्यात उतरत न्हाई."

"तुला काय ठाव आमच्या गावचं!" वामन केवढ्यानं ओरडला.

"गंगूमावशीचे डोळे बघितले. दादीचे काहून न्हाई बघितले?"

वामन उठला आणि हळदीच्या कढईपाशी आमच्याकडे पाठ करून बसला. त्याची आई काविळीनं गेली. हातात पाटीही आली नव्हती पोराच्या, माझ्या मांडीवर बसून तिचे पिवळे डोळे बघत होता...

एवढं शिकून लेकरू परक्याचं दुखणं बराबर ओळखतं, आणि आपल्या माणसापाशी आलं की बघतच नाही. मग असलं शिकणं माझ्या काय कामाचं? युसूफचाही राग आला... माझा शिरा खाऊन असं बोलला म्हणून.

जाताना वामन पाया पडला, पण वर बघेना. मीच त्याची हनुवटी धरली. "बघ रे, डाक्टर." बघितलं त्यानं... नीट बघितलं. मग म्हणाला, हैद्राबादला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल.

शिऱ्यापुरती साखर अजून आहे. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मोटर घेऊन येतो म्हणालेत दोघं.