कॅमेऱ्यावरचा स्टिकर

बोलता बोलता काकांचा अंगठा फोनच्या पाठीवर जायचा. कॅमेऱ्यावर चिकटवलेला गोल स्टिकर जागेवर आहे ना, हे चाचपायचा आणि मगच पुढचं वाक्य यायचं. "झाकलेलं बरं," ते म्हणायचे. कुणी काही विचारलेलं नसलं तरी.

सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवर कामाला जाणाऱ्या आम्हा सगळ्यांच्याच फोनला गेटवर असे स्टिकर लागत, मागेही आणि पुढेही. आत रसायनांचे कारखाने, फोटो काढायला बंदी. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये बसलो की आम्ही ते नखाने खरवडून टाकायचो. काकांनी ते कधीच काढले नाहीत. जुना मळला की नवा त्याच्यावरच. त्यांच्या फोनच्या पाठीला त्यामुळे चामखीळ आल्यासारखं दिसायचं.

काका म्हणजे आमच्या प्लांटमधले शिफ्ट सुपरवायझर. रसायनीच्या एका कारखान्यात बरीच वर्षं काढून इकडे आलेले, बायको-मुलं तिकडेच. बुकित बातोकला माझ्या ब्लॉकपासून तीन ब्लॉक पलीकडे दोघा तमिळ सहकाऱ्यांबरोबर राहायचे. मी नवा आलो तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनीच मला बसमध्ये शेजारी बसवून घेतलं होतं आणि कुठल्या कागदावर सही करायची, कुठल्या नाही, हे उतरेपर्यंत सांगितलं होतं. मला ते "इंजिनियर" म्हणत. त्या हाकेत कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला कधी कळलं नाही.

मी परांड्याचा. वडील बाजार समितीत हमाल. घरात पदवी घेणारा मी पहिला, त्यामुळे छापलेल्या अक्षरावर माझा फार विश्वास. पुस्तकांनी मला इथवर आणलं होतं. कागद खोटं बोलेल, हे मनातच येत नसे. काकांचं उलट. हातात आलेला कुठलाही कागद ते आधी पालथा करत आणि शेवटच्या ओळीपासून वर वाचत येत. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आपण त्याला संशयी म्हणतो, आणि सही करायची वेळ आली की त्यालाच शोधत जातो.

२०१८च्या सुमाराला आमच्या आरोग्य विम्यात एक नवी सोय आली. फोनवरच्या ॲपमधून डॉक्टरशी व्हिडिओवर बोलायचं, औषध घरपोच. कँटीनमध्ये एचआरची मुलगी पडद्यावर सगळं समजावून सांगत होती. सर्दी, ताप, पोट, त्वचेचे आजार चालतील. तातडीचं दुखणं चालणार नाही. बोलताना तुम्ही सिंगापूरमध्येच असलं पाहिजे. नुसत्या आवाजावर भागणार नाही, डॉक्टरला चेहरा दिसायला हवा. मला ते ऐकून भरून आलं होतं. आमच्याकडे डॉक्टरला दाखवायचं तर बार्शीची एसटी धरावी लागे.

काका उभे राहिले. डॉक्टर बसतो कुठे, त्याच्या मागे कोण उभं असतं, आणि आपण बोललेलं नंतर जातं कुठे, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले. लोक हसले. मीही हसलो.

माहितीपत्रकाचं मराठी करून द्यायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं. बसमध्ये त्यांना दिलं तर त्यांनी ते नेहमीसारखं पालथं केलं आणि बोट एका जागी ठेवलं. मी लिहिलं होतं, 'आपली वैयक्तिक माहिती सहसा कंपनीला दिली जात नाही.'

"हा 'सहसा' तुझा की त्यांचा?"

"त्यांचा."

"मग कधी देतात, तेही लिहायला सांग की त्यांना."

मला राग आला. चांगल्या सोयीला नावं ठेवायची खोड, असं मी घरी बायकोला सांगितलं. तिने मात्र एक गोष्ट टिपली होती, जी मला दिसली नव्हती. काका रविवारी आमच्याकडे जेवायला येत, बूट दाराशी काढत, पण मोजे कधीच काढत नसत. "डाव्या मोज्याला डाग होता," ती म्हणाली. "मागच्या रविवारीही होता."

पुढच्या रविवारी मी सरळ विचारलं. त्यांनी आधी खिडकीकडे बघितलं, मग दाराकडे. मग हळूहळू मोजा खाली केला. तळपायाला, अंगठ्याच्या खाली, रुपयाएवढी जखम होती. कडा पांढऱ्या, आत काळपट. साखरेचा आजार त्यांना होता आणि तो त्यांनी इथे कुणालाही सांगितला नव्हता. सेफ्टी बूट घालून रोज बारा तास उभं राहायचं काम. पाय अधू आहे हे कळलं तर कंपनी पासचं, म्हणजे इथल्या कामाच्या परवान्याचं, नूतनीकरण करणार नाही, ही त्यांची भीती. पास गेला की महिन्याभरात गाशा गुंडाळायचा. क्लिनिकमध्ये गेलं तर आपलीच माणसं रांगेत भेटतात, म्हणून तेही नाही. दोन महिने ते हळद भरत होते.

मी विमा कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, लेखी संमतीशिवाय नाव आणि आजार कंपनीला कळवत नाही. यात 'सहसा' नव्हता. मी छापून नेलं. त्यांनी वाचलं, खालून वर, आणि घडी करून परत दिलं.

"काका, नाही कळणार कुणाला," मी म्हणालो. "मी सांगतो ना."

ते म्हणाले, "कागदाचं राहू दे. तू सांगतोस ना? मग बघू."

माझा फोन चालणार नव्हता. ॲप त्यांच्याच नंबरवर उघडायचं. त्या रविवारी दुपारी आमच्या बैठकीच्या खोलीत त्यांनी स्वतः खिडक्या लावल्या. पुढचा स्टिकर चटकन निघाला. मागचा निघेना. थरावर थर होते, आणि शेवटी काचेवर डिंक राहिला. बायकोने खोबरेल तेल आणून दिलं, मी रुमालाने पुसत बसलो. तेवढ्यात ते दोनदा म्हणाले, "राहू दे का?"

पडद्यावर एक तरुण चिनी डॉक्टर आली. काकांनी नमस्कार न करता विचारलं, खोलीत आणखी कोण आहे. ती हसली नाही. तिने आपला फोन उचलून चारी भिंती फिरवून दाखवल्या. मग काकांनी पाय दाखवला.

ती जवळ सरकली. "अंकल, धिस वन व्हिडिओ कॅनॉट. यू गो हॉस्पिटल टुडे. नॉट टुमॉरो, हाँ."

फोन बंद झाल्यावर मला वाटलं, आता चिडतील. ते मोजा चढवत म्हणाले, "चांगली आहे पोरगी. जमत नाही ते जमत नाही म्हणाली." आणि टॅक्सी बोलवायला सांगितली.

पाय वाचला. हॉस्पिटलमधले म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर बोटं काढावी लागली असती. व्हिडिओची भेट विम्यात बसली, हॉस्पिटलही बसलं. विमा कंपनीने कुणाला काही कळवलं, असं मला कधीच दिसलं नाही. पण पाच आठवड्यांची रजा लागली, रजेच्या कागदावर हॉस्पिटलचं नाव होतं, आणि परतल्यावर सेफ्टी बूट घालता येणार नव्हते. ते कुठल्याही पत्रात लिहिलेलं नव्हतं, आणि मी ते विचारलंही नव्हतं. वर्ष संपताना त्यांचा पास पुढे वाढला नाही. मी एचआरच्या मुलीला कारण विचारायला गेलो. ती चांगली होती, तिचा चेहरा पडला होता. म्हणाली, कारण आम्ही सहसा सांगत नाही.

विमानतळावर मी त्यांची माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी अंगठा फोनच्या पाठीवर नेला. तिथे आता नुसती काच होती. "इंजिनियर," ते म्हणाले, "मी त्या दारातून चालत जाणार आहे. काठी नाही. दिसतंय ना?" आणि चालत गेले.

आता नवा कागद आला की मीही तो आधी पालथा करतो. बायको हसते.

वर्षातून दोन-तीनदा रसायनीहून त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. पडदा काळा असतो. कॅमेऱ्यावर अंगठा असणार. "खोलीत कोण आहे?" आवाज विचारतो. मी सांगतो, मी आणि ही, दोघंच. मग अंगठा बाजूला होतो आणि आधी चेहरा नाही, पाय दिसतो. अंगणातल्या फरशीवर टेकवलेला, अनवाणी.

"मोज," ते म्हणतात.

मी पाचही बोटं मोजतो.