मंजुरी द्यायला मामा नाही

मामीचा फोन आला तेव्हा मी कुडाळला ऑफिसात होतो. "झिला, तुझो मामा गेलो रे..." तोंडवलीला पोचलो तर बाबूमामाला अंगणात ठेवलं होतं आणि पडवीतल्या कॉम्प्युटरवर त्याचा पंचा तसाच पडला होता. काम झालं की तो पडद्यावर पंचा घालायचा. खारी हवा लागते म्हणायचा.

मामा रापणीवरचा, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारा माणूस, सातवी शिकलेला. गावात कुठलंही कार्य निघालं की गाऱ्हाणं घालायला तोच. तो देवापुढे एकेक मागणं मांडी आणि जमलेली माणसं प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणत. आमच्या घरात कॉलेज पुरं केलेला मी पहिला, आणि हे मी कुणालाही ताठ मानेने सांगतो. २००८ साली मामा म्हणाला, "तुज्या डिग्रीचो माका उपयोग काय रे? माजी वेबसाइट कर." रापणीच्या आठवणी, वारे, बुडालेली होडी... त्याला सगळं लिहायचं होतं. तू सांग, मी पानं बनवून चढवतो, असं मी म्हटलं. "म्हणजे दरवेळी तुज्या दारात येव?" म्हणून मग सीएमएस घ्यायचं ठरलं. एकदा बसवलं की मजकूर ज्याचा त्याने टाकायचा. पहिलं मी बसवलं ते भारी होतं, मेन्यूंच्या पोटात मेन्यू. मामाने दोन दिवस सोसलं. "ही कलेक्टर कचेरी आसा. एका कामाक चार खिडक्यो." दुसरं साधं होतं. लिहायला चौकट, खाली बटण. ते त्याला पटलं. वाचकांच्या प्रतिक्रिया आपण वाचून मंजूर केल्याशिवाय दिसू नयेत, हे मात्र त्याने मुद्दाम करून घेतलं. शेवटी मला म्हणाला, "आता तोंड फिरव. पासवर्ड घालतंय." मी समुद्राकडे तोंड करून उभा राहिलो. मी शिकवलेलं माणूस इतकं नीट शिकलं याचा मला अभिमानच वाटला.

त्यानंतर एका बोटाने टाइप करत तो लिहीत गेला. प्रतिक्रिया आली की मोठ्याने वाचायचा, पटली तर "व्हय म्हाराजा!" म्हणून बटण दाबायचा. आतून मामी ओरडायची, "देव पडद्यात बसलो काय?"

तो गेल्यापासून मला फोन येतात. रेडीचा एक जुना खलाशी विचारतो, "बाबूसाठी लिवलंय, पण दिसना नाय. कित्या?" काय सांगू? नवा पासवर्ड मागितला तर तो मामाच्या ईमेलवर जातो, आणि त्या ईमेलचा पासवर्डही मामाबरोबर गेला. वेबसाइटला भाड्याने जागा देणारे होस्टिंगवाले म्हणतात, खातेदाराच्या ईमेलवरूनच कळवा. मामाची पानं मी उतरवून घेतली आहेत. पण माणसांनी त्याला धाडलेले निरोप आत अडकलेत, आणि त्या जागेची वर्षाची मुदत संपली की तेही पुसले जातील. एवढं शिकून मी नुसता बघतो आहे.

परवा पंचा काढून मामाच्याच खुर्चीत बसलो आणि त्याच्या पानाखाली प्रतिक्रिया म्हणून दोन ओळी लिहिल्या. बटण दाबलं.

"काय म्हणता ता?" मामीने पडद्याकडे बोट करून विचारलं.

मी वाचून दाखवलं... तुमची प्रतिक्रिया मंजुरीच्या प्रतीक्षेत आहे.

मामी पडद्यापुढे येऊन उभी राहिली. मग पदर सावरून हळूच म्हणाली, "व्हय म्हाराजा."

मी पान पुन्हा उघडलं. प्रतीक्षेची ओळ तशीच होती. मामीने पंचा झटकला आणि पडद्यावर घातला.