उजवीकडची खुर्ची

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी गिरणीत होतो. गव्हाचा डबा नंबराला लावून बाकावर बसलो होतो आणि गिरणीच्या घरघरीत मला काही ऐकू येईना. "मोठ्यानं बोला, वहिनी," असं मी दोनदा म्हणालो. "हे गेले हो भाऊजी" एवढंच वाक्य त्या बाईला आधी हळू, मग मोठ्यानं, मग ओरडून असं तीनदा म्हणावं लागलं. सहा आठवडे झाले त्याला. प्रभाकर निकमबद्दल कुणी विचारलं की मला आधी माझं ते "मोठ्यानं बोला" आठवतं, आणि पुढचं काही सांगायचं त्राणच उरत नाही. तरी लिहायला बसलोय, कारण एक गोष्ट सांगितल्याशिवाय माझी सुटका नाही.

प्रभाकर ओझरच्या विमान कारखान्यात तपासनीस होता. एकानं जोडायचं, दुसऱ्यानं तपासायचं आणि दोघांनी सही करायची. दोन सह्या झाल्याशिवाय काम झालं असं धरायचंच नाही, ही त्याच्या हाडात भिनलेली पद्धत. पस्तीस वर्षं त्यानं दुसऱ्यांनी उडवायची विमानं तपासली, स्वतः एकदाही उडवलं नाही. मी सातपूरला लेथवर. आम्ही एकाच कॉलनीतले, निवृत्तही एकाच वर्षी झालो. बाकीचे लोक निवृत्तीनंतर हास्यक्लबात जातात, आमचा हा गडी डकोटा विमान उडवायला लागला. म्हणजे घरात, कॉम्प्युटरवर. मुलीनं तिचा जुना कॉम्प्युटर दिला, त्यावर विमान उडवायचा सिम्युलेटर घालून दिला. त्याला गेम म्हटलेलं प्रभाकरला अजिबात खपत नसे. त्यातली सगळी चकचकीत जेट विमानं सोडून त्यानं दोन पंख्यांचं, शेपूट जमिनीला टेकवून नाक वर करून उभं राहणारं जुनं प्रवासी विमान निवडलं. हेच का, असं विचारलं तर म्हणाला, "आमच्याकडची लढाऊ विमानं एकट्याची असायची रे. यात दोघं बसतात." दुसरा कोण, हे त्यानं मला न विचारताच ठरवून टाकलं होतं.

मग मागच्या खोलीत जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या शेजारी शेजारी लागल्या. डावीकडे तो, उजवीकडे मी. इंजिनं चालवायचे मधले सहा दांडे मी लेथवर करून दिले, त्यांच्या मुठी तीनदा बदलून घेतल्या त्यानं. दर गुरुवारी दुपारी चार वाजता ओझरहून नागपूर. खऱ्या विमानाला लागेल तेवढाच वेळ लागला पाहिजे, हा नियम. मी तपासणीची यादी वाचायची, त्यानं हात लावून "झालं" म्हणायचं. इंजिनं सुरू केली की तेल गरम होईपर्यंत जागचं हलायचं नाही. काटा वर येईपर्यंत आम्ही दोन म्हातारे पडद्याकडे बघत गप्प बसायचो... मला सुरुवातीला हसू यायचं, नंतर नंतर बरं वाटायला लागलं. अजिंठ्याचे डोंगर मागे पडले की दारातून वहिनी विचारायच्या, "कुठवर आलात?" अकोला आलं असं सांगितलं की त्या चहा टाकायच्या. नागपूरला उतरलो की वही निघायची. तारीख, निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, एका रकान्यात त्याची सही, शेजारच्या रकान्यात माझी.

एकदा बुलढाण्यानंतर माझा डोळा लागला तो थेट नागपूरला उघडला. मी आपली सवयीनं वही पुढे ओढली, तर त्यानं ती खस्सकन काढून घेतली. तो मूळचा पिंपळगावकडचा, चिडला की गावची बोली बाहेर यायची. "लय शाना झाला का बापू? जे बघितलं नाय त्याच्यावर सही करतो?" दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तोच प्रवास पुन्हा करावा लागला. मी घरी येऊन बायकोजवळ भरपूर बोंब मारली. म्हटलं, माणूस डोक्यावर पडलाय.

आता खरं काय ते सांगतो. मला कंटाळा आला होता. त्याचा तिसरा मजला, लिफ्ट सदा बंद, माझा गुडघा, आणि अडीच तास तेच ते नागपूर. या वर्षी होळी झाली आणि मी कारणं द्यायला लागलो. आज सिन्नरला लग्न आहे, आज नातीला आणायला जायचंय. सिन्नरला कुणाचं लग्न नव्हतं. तिसऱ्या गुरुवारी त्याचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "अरे, एकटाच जाऊन ये ना. कोण बघतंय तिथं?" तो म्हणाला, "बरं." त्यानंतर त्यानं फोन केला नाही, आणि मी मनाची समजूत घातली की गडी मजेत एकटा उडतोय. मला तर सुटल्यासारखंच झालं होतं. रस्त्यात भेटलो की मी विचारायचो, "काय, नागपूर काय म्हणतंय?" तो नुसता हसायचा.

तेराव्यानंतर वहिनींनी बोलावलं. "हे सगळं कुणाला देऊन टाकू का, एकदा बघून घ्या," म्हणाल्या. खुर्च्या तशाच होत्या. माझ्या खुर्चीवर मी कमरेला लावायचो ती चपटी उशी... तीही होती. मी वही उघडली. शेवटच्या पानावर त्याच्या त्या सरळ, तपासनिसाच्या अक्षरात एकाखाली एक अकरा गुरुवार. प्रत्येकापुढे तेच. "दुसरा माणूस गैरहजर. इंजिनं गरम केली. उड्डाण नाही. इंजिनं बंद." खाली त्याची सही. शेजारचा रकाना मोकळा.

अकरा वेळा तो तेलाचा काटा वर येईपर्यंत बसला होता, आणि उठला होता. नागपूरला एकदाही गेला नव्हता.

वहिनी दारात उभ्या होत्या. "चार वाजता तो पंख्यांचा आवाज सुरू व्हायचा, मग थोड्या वेळानं थांबायचा," त्या म्हणाल्या. "एकदा मी विचारलं, आज चहा कुठं आल्यावर टाकू? तर म्हणाले, बापू आला की टाक."

मी खिशातलं पेन काढलं. अकरा रकाने, अकरा सह्या... अर्ध्या मिनिटाचं काम होतं. हात वहीवर टेकलाही. मग त्याचं ते "जे बघितलं नाय त्याच्यावर" आठवलं, आणि पेन परत खिशात ठेवलं. मी नव्हतो तिथं. नव्हतो म्हणजे नव्हतो. या वयात माणूस थकतो, हे खरंच आहे, पण मी थकलो म्हणून नव्हे, खोटं बोललो म्हणून तो त्या खोलीत एकटा बसला होता. हे त्याला सांगायची सोय आता राहिली नाही.

वहिनींना म्हटलं, राहू द्या इथंच. आता गुरुवारी मी जातो. तीन मजले, मध्ये दोनदा टेकत. उजवीकडच्या खुर्चीवर बसतो, यादी मोठ्यानं वाचतो, आणि डावीकडून "झालं" येत नाही म्हणून स्वतःच वाकून एकेक दांडा हलवतो. इंजिनं गरम होतात. ओझरची धावपट्टी समोर असते, नाक वर असल्यामुळे तिचा तुकडाच दिसतो. गेल्या गुरुवारी वहिनींनी सवयीनं दारातून विचारलं, "कुठवर आलात?" मी म्हटलं, "इथंच आहे वहिनी, ओझरला." त्या आत गेल्या. चहा काही आला नाही, मीही मागितला नाही. मग वही काढली, तारीख घातली आणि लिहिलं, "पहिला माणूस गैरहजर. इंजिनं गरम केली. उड्डाण नाही. इंजिनं बंद." आणि माझ्या रकान्यात सही केली.