टोपलीत तीनच पिल्लं

बडोद्यात कुत्री व्याली की तिला शिरा करून घालतात. आमच्या प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये तर हे कुणी सांगायची गरजच पडत नाही. कुणी कणीक आणतं, कुणी गूळ, आणि आम्ही मराठी मंडळी तुपाला हात आखडतो म्हणून टोमणे खातो. शिऱ्याला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. पिल्लांच्या लसीच्या सुईचं नाव काढलं की मात्र सगळ्यांना कामं आठवतात.

मी बालवाडीत शिकवते. समोरच्याने माझं ऐकलंच पाहिजे ही सवय त्यामुळे लागली की मुळातच होती, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. एका वर्षी आमच्या जिन्याखालच्या कुत्रीची पाचही पिल्लं दोन महिन्यांची झाली आणि चार दिवसांत गेली. उलट्या, रक्ताची हगवण आणि तो वास. शेजारणी म्हणाल्या, नजर लागली. मला राग आला, पण याहून शहाणं काही मलाही सांगता येईना.

म्हणून तीच कुत्री पुन्हा व्याली तेव्हा मी फतेगंजला जनावरांच्या डॉक्टरांकडे जाऊन सगळं विचारून आले. तो पार्व्हो होता, पिल्लांना होणारा विषाणूचा रोग. आईच्या दुधातून मिळालेलं बळ थोडेच आठवडे पुरतं. ते कुठल्या पिल्लाचं कधी संपेल हे कळत नाही, आणि ते अंगात आहे तोवर लस नीट लागू होत नाही. म्हणून सहा-सात आठवड्यांपासून सुरुवात करायची आणि चार महिन्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी पुन्हा पुन्हा टोचायचं. रेबीजची सुई वेगळी. हे सगळं मी जिन्यात उभं राहून साऱ्या बिल्डिंगला समजावलं, वर्गात समजावते तसं, दोनदा.

या वेळी चार पिल्लं होती. त्यातलं सगळ्यात लहान, पांढरं, तळमजल्यावरच्या मासींचं लाडकं. मासी गुजराती, साठीच्या, एकट्या राहणाऱ्या. आईच्या अंगाखाली ते दबायचं म्हणून त्या त्याला मांडीवर घेऊन वाटीने दूध पाजायच्या. पहिल्या सुईला चारही पिल्लं टोपलीत घालून मी रिक्षाने नेली. पांढरं फार केकाटलं आणि दिवसभर मलूल पडून राहिलं. असं होतं, उद्या ठीक होईल, असं मी सांगितलं आणि झालंही तसंच. पण मासींच्या मनातून ते केकाटणं गेलं नाही. एकदा सुई झाली, आता पुन्हा त्या जिवाला कशाला, असं त्या मला दोन-तीनदा म्हणाल्या. मी त्यांना वाक्यही पुरं करू दिलं नाही.

दुसऱ्या सुईच्या सकाळी मी टोपली घेऊन खाली आले तर पिल्लं तीनच. कुत्री जिन्याखाली नव्हती. ती मासींच्या बंद दारासमोर बसली होती, दाराकडे तोंड करून. रिक्षावाला हॉर्न देत होता. मी तीन पिल्लं उचलली आणि निघाले.

पुढच्याच आठवड्यात पांढऱ्याने खाणं टाकलं. मग उलट्या, मग तोच वास. मासी आणि मी त्याला घेऊन डॉक्टरांकडे धावलो. तीन दिवस सलाईन चाललं. त्याच जिन्याखाली, त्याच भांड्यातून पाणी पिणारी बाकीची तिघं उड्या मारत होती. चौथ्या दिवशी सकाळी पांढरं गेलं.

मासी माझ्या घरी आल्या. त्या सहसा जिना चढत नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बेन, ते दिवशी मी त्याला घरात लपवलं होतं. मीच मारलं त्याला."

मी गप्प राहिले असते तर चाललं असतं. त्यांनी सगळा दोष स्वतःकडे घेतलाच होता. पण मला ते सहन होईना. मी म्हणाले, "मासी, मला माहीत होतं. कुत्री तुमच्या दारात बसलेली मी पाहिली होती."

खरं हेच होतं. घाई नव्हती, रिक्षावाला थांबला असता. मला त्यांचा राग आला होता. नाही ऐकत ना माझं, मग बसा, असं मनात म्हणून मी निघून गेले होते. एवढी लाज मला आयुष्यात क्वचितच वाटली आहे.

मासी हळूच म्हणाल्या, "तर मग दार का नाही ठोकलं, बेन?"

उरलेल्या तिघांच्या सगळ्या सुया झाल्या. त्यानंतर जिन्याखाली आणखी पिल्लं झाली, त्यांच्याही झाल्या. लोक अजून कुरकुरतात आणि मी अजून दोनदा समजावते. पण सुईच्या दिवशी एक जरी पिल्लू कमी दिसलं तर मी रिक्षा थांबवून ठेवते आणि दार वाजवते. उघडेपर्यंत वाजवते.