नीतिमानाची लेक

“आधी वचन म्हण. मग डबा पुढं कर.”

चर्चच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले सेक्रेटरीसाहेब मला म्हणाले. बहात्तरचा दुष्काळ. कळंबच्या बाजूचं आमचं गाव. मिशनकडून दलिया आला होता. उन्हात रांग लागली होती आणि माझ्यामागं माय पदर नाकापर्यंत ओढून उभी होती. मी नऊ वर्षांची. संडेस्कूलमध्ये पाठांतरात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. मला वाटलं, साहेब कौतुकानं विचारतायत.

मी खणखणीत आवाजात म्हटलं. बायबलमधल्या स्तोत्रातलं ते वचन. त्यात एक म्हातारा सांगतो, नीतिमान माणसाला देवानं टाकून दिलेलं आणि त्याच्या लेकरांना भाकरीसाठी भीक मागताना मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही.

“शाब्बास,” साहेब म्हणाले. मग डब्याकडं बघितलं. “आता सांग, तुझा बाप नीतिमान हाय का पापी?”

कुणीतरी हसलं. मी डबा पुढं धरूनच ठेवला होता. मायनं तो माझ्या हातातून घेतला, दलिया घेतला आणि घराकडं चालायला लागली. चूल दोन दिवस थंड होती.

बा चर्चची घंटा वाजवायचा. दुष्काळी कामावर खडी फोडायचा. जे कामावर फिरकलेच नाहीत त्यांच्या नावापुढं मुकादमानं त्याला अंगठे उठवायला सांगितले. बा म्हणाला, “खोटा अंगठा देणार न्हाय.” दुसऱ्या दिवशी त्याचंच नाव हजेरीतून गेलं. म्हणजे बा लबाड असता तर मी रांगेत नसते. एवढी साधी गोष्ट कळायला मला वर्षं लागली.

घरी गेलो तेव्हा तो तापानं फणफणला होता. “काय म्हणून आलीस गं?” मी मूर्ख. त्यालाही म्हणून दाखवलं. साहेबांनी काय विचारलं तेही सांगितलं. त्यानं भिंतीकडं तोंड केलं. मग मायला विचारलं, “माझं काय चुकलं गं?”

मग रोज तेच. पाणी पिताना तेच. तापाच्या गुंगीत तेच. दहा-बारा दिवसांनी, भर दुपारी, तो गेला.

अजून मला ऐकू येतो तो बाचा प्रश्न नाही. माझा आवाज ऐकू येतो. नऊ वर्षांचा, स्वच्छ, फुशारलेला. भांडी घासताना येतो. गीत गाताना येतो. बापाविरुद्ध साक्ष दिली ती मीच.

ऐंशीनंतर पावसानं पुन्हा दगा दिला. मी तेव्हा संडेस्कूल शिकवत होते. सेक्रेटरीसाहेब आता दूध सोसायटीचेही चेअरमन. उपासना संपायच्या आधीच दलियाची पोती उघडली आणि साहेब म्हणाले, “लेकरांकडनं ते वचन म्हणून घे. मग वाटप.”

पहिली पोरगी सात वर्षांची. तिनं तोंड उघडलं. मी तिला म्हणाले, “गप बस.”

आमच्याकडं उपासनेत कुणालाही उठून साक्ष देता येते. मी पुढं गेले. पोत्यांपाशी उभी राहून बोलले. “तो म्हातारा म्हणतो, म्या पाहिलं न्हाय. त्याची साक्ष त्याच्यापाशी. म्या पाहिलंय. माझा बा नीतिमान व्हता, आन् त्याची लेक इथंच डबा घेऊन उभी व्हती. तुमी बी पाहिलंय, साहेब.”

“शास्त्राला खोटं म्हणतीस?”

“न्हाय. पण ते उपाशी लेकराकडनं वदवायचं न्हाय. ज्याचं पोट भरलंय त्यानं वाचायचं, आन् भाकरी घेऊन शेजाऱ्याच्या दारात जायचं.”

बायकांच्या बाजूला बसलेल्या मायनं मान वर केली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, “लई उशीर केलास.”

खरंय. उशीर झालाय, आणि बा आता ऐकायला नाही.

त्या संध्याकाळी संडेस्कूलच्या पोरींना घेऊन मी साहेबांना न विचारता त्या पोत्यांतला दलिया घरोघर पोचवला. पुढच्या रविवारी चर्चच्या पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, माझ्याकडून संडेस्कूल काढून घेतलं. घेऊ देत. या गावात दाण्यासाठी कुठल्याही लेकराला बापाचं पाप-पुण्य सांगावं लागणार नाही. जो विचारील, त्याच्या आणि त्या लेकराच्या मधे मी उभी राहीन. मग ते चर्च असो, नाहीतर चावडी.