गुरुवारची डीलिया

गॉलवे बंदराच्या गोदीजवळ क्लेगनचा पब आहे. त्याच्या खिडकीखाली जेमतेम दोघांना पुरेल एवढं एक बाक आहे. दर गुरुवारी दुपार कलली की त्या बाकावर फेस्टी मॅनियन येऊन बसायचा आणि थोड्याच वेळात डीलिया कनीली यायची. फेस्टी म्हणजे जन्मभर दगडी कुंपणं रचत आलेला गवंडी. लग्नाबिग्नाच्या भानगडीत कधी पडला नाही. डीलियाचा नवरा समुद्रात बुडून गेला त्याला फार वर्षं झाली होती. इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुता धुता तिची हाडं झिजली होती, पण डोळे अजून मिश्कील होते.

तो काळी बिअर घ्यायचा, ती लवंग घातलेली गरम व्हिस्की. "वारा फिरलाय," ती म्हणायची. "फिरलाय खरा," तो म्हणायचा. मग दोघं खाडीकडे बघत बसायची. काचेवर उन्हाचा कवडसा सरकत जायचा, गोदीतल्या होड्या झोपेत कूस बदलावी तशा हलायच्या आणि फेस्टीला वाटायचं, हे असंच चालू राहावं. ती कुठे राहते हे त्याने कधी विचारलं नाही. पबमधली ओळख पबच्या उंबऱ्यापर्यंतच, असं तो धरून चालला होता.

एका गुरुवारी ती आली नाही. पुढच्याही गुरुवारी नाही. फेस्टीच्या ग्लासातला फेस बसला तरी त्याने ओठ लावला नव्हता.

"मार्टी," त्याने पबच्या मालकाला विचारलं, "डीलियाचं घर कुठं आहे रे?"

"मला काय ठाऊक? मैत्रीण तुझी!"

"मैत्रीण कसली. नुसती शेजारी बसते."

"मग असा पिल्लू हरवलेल्या मांजरीसारखा काय करतोयस?"

फेस्टीने टोपी चढवली आणि तो बाहेर पडला. खाडीवरून धुकं वर आलं होतं. रस्त्यातले फरशीचे दगड ओले चमकत होते, पबांची दारं उघडली की पिवळा उजेड आणि हसण्याचा एखादा तुकडा बाहेर सांडायचा, दार लागलं की परत सगळं कापसात गुंडाळल्यासारखं. इतकी वर्षं या गावात काढूनही क्लेगनखेरीज दुसऱ्या पबची पायरी तो कधी चढला नव्हता.

धक्क्यावरच्या पबात गल्ल्यामागची बाई हसायलाच लागली. "डीलिया? आमची सोमवारची डीलिया? अहो, पत्त्यांत सगळ्यांना नागवते ती! आणि वर शिव्या देते त्या वेगळ्याच."

"शिव्या?" फेस्टी चाट पडला. "दुसरी कुणीतरी असेल."

"लवंग घातलेली व्हिस्की घेते, तीच ना?"

तीच होती. पुढच्या गल्लीत फिडल वाजवणारी मंडळी कोपऱ्यात सूर जुळवत होती. त्यांतला एकजण म्हणाला, "मंगळवारी गाते की ती इथं. बेटांवरची जुनी गाणी. काका, तुम्ही ऐकलं नाहीत कधी?"

फेस्टीने नकारार्थी मान हलवली.

तिसऱ्या ठिकाणी एक म्हातारा खलाशी भेटला. डीलिया दर बुधवारी येऊन आपल्याशी कडाकडा भांडते, असं तो अभिमानाने सांगत होता. "तुझ्याशीपण भांडते का?"

"नाही."

"अरेरे," खलाशी कळवळून म्हणाला.

फेस्टी पुन्हा धुक्यात शिरला. त्याला वाटलं, पुढे, अगदी पुढच्याच वळणावर, कितीतरी डीलिया चालल्या आहेत. एक गाणारी, एक भांडणारी, एक पत्ते पिसणारी. प्रत्येकीला कुणी ना कुणी ओळखतं. आपल्या वाट्याला मात्र वारा फिरल्याची बातमी तेवढी आली.

पूल ओलांडून तो क्लॅडा नावाच्या कोळीवाड्याकडच्या छोट्या बारमध्ये गेला. तिथल्या मालकिणीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "फेस्टी ना तुम्ही? डीलिया बोलते तुमच्याबद्दल. पाय मोडलाय तिचा. मागच्या गल्लीत, निळं दार. जा, कडी लावलेली नसते."

डीलिया चुलीजवळ बसली होती, प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून.

"आलास? मला वाटलं, तू आपला बाकावरच बसून राहशील माझी वाट बघत."

"अख्खं गाव पालथं घातलं," तो म्हणाला आणि मग लहान मुलासारखं तोंड करून, "तू गातेस?"

"मंगळवारी."

"आणि त्या खलाशाशी भांडतेस. माझ्याशी साधं बोलतसुद्धा नाहीस तू, डीलिया."

ती हसली नाही. "अरे वेड्या, सगळीकडे मला कुणीतरी व्हावं लागतं. गाणं म्हण, पत्ते वाट, चार विनोद कर. मजा येते, नाही असं नाही. पण दमते मी. तुझ्याजवळ बसलं की काही व्हावं लागत नाही. आठवडाभर त्या बाकाची वाट बघते मी."

फेस्टीने चुलीत जळणाच्या वाळक्या दलदलमातीची दोन ढेकळं टाकली आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला. बाहेर धुक्यात कुठेतरी बोटीचा भोंगा वाजला. दोघांनी तो ऐकला.

पाय बरा होईपर्यंत तो रोज यायचा. जाता जाता त्या सगळ्या पबांत शिरून तिची खुशाली सांगायचा, त्यामुळे त्यालाही आता जागोजागी लोक खुर्ची सरकवून देऊ लागले. प्लास्टर निघालं त्या आठवड्यात, मंगळवारी, तो फिडलवाल्यांच्या पबात मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. डीलियाने डोळे मिटून गायला सुरुवात केली. आवाज थोडा चिरका होता, पण खालच्या सुरात गेला की लाट वाळूवरून मागे सरावी तसा वाटायचा. फेस्टीच्या हातातला ग्लास तसाच तिरका राहिला आणि बिअर बाहीवर सांडत गेली. ते त्याला गाणं संपल्यावरच कळलं.